वीस मिनिटांचं रीळ

मी केलेल्या कामांत सगळ्यात आनंदाचं काम एकच: दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावून, रीळ बदलत बदलत ३५ मिलिमीटरचा चित्रपट दाखवणं. दर वीसेक मिनिटांनी एक यंत्र थांबतं आणि तोच प्रसंग दुसरं यंत्र पुढे नेतं. अंधारात बसलेल्या कुणालाही ते कळत नाही. हा बदल ऑपरेटर हाताने करतो. त्याआधीची वीस मिनिटं त्याच एका सेकंदाच्या तयारीत जातात. एक खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा पार पडतो, ते इथे लिहितोय.

आधी हिशेब सांगतो, कारण केबिनमधलं घड्याळ फुटांत चालतं. फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे १६ चित्रं, बसतात. सेकंदाला २४ फ्रेम जातात, म्हणजे दीड फूट, आणि मिनिटाला ९० फूट. मोठं रीळ २,००० फुटांचं. काठोकाठ भरलं तर ते बावीस मिनिटं चालतं, पण बदल सोयीच्या जागी यावा म्हणून बहुतेक रिळं त्याआधीच संपवलेली असतात. दोन तासांच्या चित्रपटाची फिल्म १०,८०० फूट भरते. सरळ पसरली तर सव्वातीन किलोमीटरच्या थोडी पुढे जाईल. म्हणजे सहा-सात रिळं आणि पाच-सहा बदल. काही दिवसांनी रिळावर उरलेल्या फिल्मची जाडी पाहूनच किती मिनिटं हातात आहेत ते सांगता येतं.

प्रिंट, म्हणजे चित्रपटाची प्रत, आली की ती आधी बाकावर जाते, प्रोजेक्टरवर कधीच नाही. बाकावर दोन टोकांना दोन फिरक्या असतात. एकीवरचं रीळ दुसरीवर हाताने, सावकाश गुंडाळायचं. पातळ सुती हातमोजा घालून फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीत हलक्या धरायच्या. चित्राच्या भागाला बोट लागता कामा नये. कडेला पडलेली खाच, फाटलेलं छिद्र, सुटत आलेला जोड हे सगळं डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतं. बोट अडखळलं की फिरकी थांबवून ती जागा उजेडात पाहायची. हे काम मोटरवर उरकता येतं आणि पुष्कळजण उरकतात. मला ते कधीच पटलं नाही. प्रिंटशी ओळख होते ती इथेच.

गुंडाळी सैल वाटली तर मोकळं टोक ओढून ती घट्ट करायचा मोह होतो. तो आवरायचा. ओढल्यावर सगळे थर एकमेकांवर घासत सरकतात आणि त्यांच्यामध्ये अडकलेली धूळ फिल्मभर बारीक रेघा ओढते. सैल रीळ पुन्हा उलगडून, हलका ताण ठेवून नव्याने गुंडाळायचं. वेळ लागतो, पण दुसरा उपाय नाही.

रेघांवरून आधीच्या केबिनमध्ये काय झालं तेही वाचता येतं. रंगीत प्रिंटवर रंगाचे तीन थर एकावर एक असतात. सगळ्यात वर मॅजेंटा, त्याखाली निळसर सायन, तळाला पिवळा. रेघ वरवरची असेल तर फक्त मॅजेंटा खरवडला जातो आणि पडद्यावर हिरवी रेघ दिसते. आणखी खोल गेली तर पिवळी, आणि तिन्ही थर गेले तर पांढरी. काळी रेघ दिसली तर ओरखडा दुसऱ्या बाजूला, पारदर्शक पायावर आहे. तिथे रंग शाबूत असतात, फक्त प्रकाश वाकडा जातो. एकाच जागी मिनिटभर टिकणारी सरळ हिरवी रेघ म्हणजे कुणाच्या तरी प्रोजेक्टरमध्ये न फिरणारा रोलर किंवा गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते त्या फटीत, साचलेला कडक कण.

जोड कसा करायचा हे फिल्मच्या पायावर ठरतं. जुन्या अ‍ॅसिटेटच्या फिल्मला सिमेंट नावाचं द्रावण चालतं: एका टोकाची बारीक पट्टी खरवडून त्यावरचं इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, पूर्ण काढायचं, सिमेंटचा एकच पातळ हात द्यायचा, लगेच दुसरं टोक त्यावर दाबायचं आणि दहा-पंधरा सेकंद हलू द्यायचं नाही. इमल्शनचा अंश जरी उरला तरी जोड धरत नाही, कारण सिमेंट पायाला विरघळवून एकजीव करतं, इमल्शनला नाही. पॉलिएस्टरवर सिमेंटचा काहीच परिणाम होत नाही. तिथे छिद्रं पाडलेली पारदर्शक चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावायची. कुठलाही जोड असो, कात्री दोन फ्रेममधल्या रेषेवरच चालली पाहिजे. एका फ्रेमला प्रत्येक कडेला चार छिद्रं असतात. दोन छिद्रं इकडेतिकडे झाली की पडद्यावर माणसाचे पाय वर आणि डोकं खाली, मधून काळी पट्टी. आवाजाच्या पट्टीवर जोड आला तर ‘टप्’ असा ठोका ऐकू येतो. तिथे काळ्या शाईने छोटा त्रिकोण रंगवला की आवाज हळूच मिटतो आणि हळूच उघडतो, ठोका जातो.

पॉलिएस्टर तुटत नाही, हे ऐकायला गुण वाटतं. पण अ‍ॅसिटेटची फिल्म अडकली की स्वतः तुटते आणि यंत्र वाचतं. पॉलिएस्टर अडकली की तीच यंत्राला वाकवते.

बाकावरून प्रोजेक्टरपाशी. प्रत्येक रिळाआधी गेट उघडून ब्रशने झाडायचं. नव्या कोऱ्या प्रिंटचं इमल्शन मऊ असतं. गेटच्या उष्णतेत त्याचे कण पट्ट्यांवर चिकटून कडक होतात, फिल्म कुरकुरत जाते आणि चित्र थरथरतं. हे कण लाकडी काडीने किंवा पितळेच्या पट्टीने काढायचे. स्टीलचं हत्यार लावलं तर गेटलाच ओरखडा पडतो आणि पुढची प्रत्येक प्रिंट त्यावर घासून जाते.

मग फिल्म ओवायची. चित्र उलटं, आवाजाची पट्टी ऑपरेटरच्या बाजूला, इमल्शन दिव्याकडे. वरच्या रिळावरून वरचं दात्यांचं चाक, तिथून सैल लूप, मग गेट, गेटखालचं थांबत थांबत फिरणारं चाक, पुन्हा सैल लूप, आवाजाचा ढोल, खालचं चाक आणि शेवटी खालचं रीळ. प्रत्येक चाकावर छिद्रं दात्यांत नीट बसली का, हे बोटाने दाबून पाहायचं. मग मोटर चालू न करता हाताच्या चाकाने यंत्र दोन-चार फ्रेम पुढे फिरवायचं. अर्ध्या चुका इथेच सापडतात.

या यंत्राचा जीव त्या दोन लूपमध्ये आहे. वरचं आणि खालचं चाक फिल्म अखंड, एकसारखी ओढत असतात. गेटमध्ये मात्र प्रत्येक फ्रेम थांबली पाहिजे, नाहीतर पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसेल. थांबवण्याचं काम माल्टीज क्रॉस करतो. चार खाचांचा हा क्रॉस तेलात बुडालेला असतो. शेजारच्या चकतीची खुंटी एका फेरीत एकदा त्याच्या खाचेत शिरते, त्याला पाव फेरा फिरवते आणि बाहेर पडते. क्रॉसच्या दांड्यावर १६ दात्यांचं चाक बसवलेलं असतं. पाव फेरा म्हणजे चार दाते, चार छिद्रं, बरोबर एक फ्रेम. सरकायला वेळ मिळतो सेकंदाचा ९६ वा भाग. त्याच्या तिप्पट वेळ फ्रेम स्थिर राहते. सरकताना शटरचं पातं प्रकाश अडवतं, आणि स्थिर असतानाही आणखी एकदा अडवतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोनदा चमकते आणि डोळ्याला सेकंदाला ४८ झपके मिळतात. चोवीसच मिळाले असते तर चित्र लुकलुकलं असतं. शटरची वेळ जराशी हलली की काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली शेपट्या फुटतात. म्हणून श्रेयनामावली चालू असताना ऑपरेटर पडद्याकडे टक लावून असतो. नावं वाचायला नव्हे, शेपट्या पाहायला.

अखंड चाल आणि थांबती चाल यांच्यातला फरक लूप गिळतो. लूप लहान पडला तर फिल्म ताणली जाऊन छिद्रं फाटतात. मोठा झाला तर तो आजूबाजूच्या धातूला थापटतो आणि तसा आवाज येतो. फाटकं छिद्र दात्यावरून घसरलं की खालचा लूप नाहीसा होतो आणि चित्र पडद्यावर उड्या मारायला लागतं. काही यंत्रांवर लूप पुन्हा घालायची कळ असते. नसेल तर प्रकाश अडवणारी झडप बंद करून, यंत्र थांबवून, लूप घालून पुन्हा सुरू करायचं. सराव असेल तर पंधरा सेकंदांचं काम.

खालच्या लूपवर आवाजाची जुळणीही अवलंबून असते. चित्र गेटमध्ये असतं तेव्हा त्याचा आवाज तिथून सुमारे २० फ्रेम पुढे, आवाजाच्या ढोलावर असतो. तिथे फिल्म अगदी एकसारखी फिरावी म्हणून ढोलाला जड चाक जोडलेलं असतं. लूप एक फ्रेम कमीजास्त झाला तर आवाज सेकंदाच्या २४ व्या भागाने सरकतो. एक फ्रेम कुणाला कळत नाही, तीन फ्रेम कळतात: दार आपटलेलं आधी दिसतं, ऐकू नंतर येतं. यात खोलीचाही वाटा आहे. एका फ्रेमच्या वेळात आवाज हवेतून साधारण १४ मीटर जातो, त्यामुळे लांब सभागृहात शेवटच्या रांगेला तो दोन फ्रेम उशिरा मिळतो. मी जुळणी नेहमी मधल्या रांगेसाठी धरतो.

कान आणखी एका गोष्टीसाठी लागतो. आवाज वाचणारी प्रकाशाची फट बाजूला सरकून छिद्रांवर गेली, तर खालच्या सुरात ठाम गुरगुर येते. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येकी चार छिद्रं, म्हणून ती बरोबर ९६ हर्ट्झची. फट उलट दिशेला, चित्राकडे सरकली तर फ्रेममधल्या रेषा ऐकू येतात, २४ हर्ट्झचा धडधडाट. आवाज ऐकून स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे कळणं, यासारखं सुख फार थोड्या कामांत असेल.

दिव्याबद्दल. कार्बनच्या आर्कमध्ये दोन कांड्या एकमेकींना क्षणभर टेकवून दूर केल्या की मधल्या फटीत ज्योत उभी राहते. धन कांडीच्या टोकाला खळगा पडतो आणि खरा प्रकाश त्या खळग्यातून येतो. दोन्ही कांड्या जळून आखूड होत जातात, पण सारख्या वेगाने नाही. छोटी मोटर त्यांना पुढे ढकलते, तरी ती कधीच पुरेशी नसते. ज्योतीची प्रतिमा एका भोकातून बाजूच्या पट्टीवर पडते. तिथल्या खुणेपासून खळगा सरकला की पडद्याची कड तपकिरी किंवा निळसर व्हायला लागते. म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी एक नजर पट्टीवर आणि मुठीला हलकासा फेरा. रीळ लावायच्या आधी उरलेली कांडी मोजायची. रीळ संपेपर्यंत पुरणार नसेल तर ती आत्ताच बदलायची. ‘पुरेल बहुतेक’ म्हणून सोडलेली कांडी हमखास शेवटच्या दोन मिनिटांत दगा देते.

झेनॉनचा बल्ब आला आणि ही राखण संपली. तो लावला की लागतो. पण त्याचं भय निराळं. बल्बमध्ये वायू कित्येक वातावरणांच्या दाबाने भरलेला असतो, थंड असतानासुद्धा, आणि तापल्यावर दाब दुपटी-तिपटीने वाढतो. बदलताना चेहऱ्यावर ढाल, जाड हातमोजे, अंगात जाड कोट. काचेला उघडं बोट लागलं तर त्वचेचं तेल तापून तिथे डाग भाजला जातो आणि बल्ब तिथून फुटू शकतो. दिवा विझवल्यावर पंखा निदान दहा मिनिटं चालू ठेवायचा. ही दहा मिनिटं घरी जायच्या घाईत खाल्ली जातात आणि बल्बचं आयुष्य तिथे कमी होतं.

आणि आता चेंजओव्हर, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर बदल. प्रत्येक रिळाच्या शेवटी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात दोनदा ठिपका येतो. प्रत्येक ठिपका फक्त चार फ्रेम टिकतो, सेकंदाचा सहावा भाग. पहिला ठिपका म्हणजे दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करा. त्यानंतर सुमारे सात सेकंदांनी दुसरा: आता बदला. दुसऱ्यानंतर रिळात जेमतेम एक सेकंद चित्र उरलेलं असतं.

पुढचं रीळ दुसऱ्या प्रोजेक्टरवर आधीच ओवलेलं असतं. त्याच्या सुरुवातीला आकड्यांची पट्टी असते, सेकंदांचे आकडे ८ पासून २ पर्यंत उतरतात आणि शेवटचे दोन सेकंद काळे जातात. कुठला आकडा गेटमध्ये ठेवून थांबायचं, हे यंत्रावर ठरतं. झटकन वेग धरणाऱ्या यंत्रावर ७ चालतो. सावकाश वेग धरणारं यंत्र त्याच सात सेकंदांत कमी फिल्म ओढतं, म्हणून त्यावर ६ ठेवायचा. जास्त ठेवला तर प्रेक्षकांना काळा पडदा, फारच जास्त ठेवला तर आकडे दिसतात, कमी ठेवला तर नव्या रिळाचा पहिला शब्द कापला जातो. प्रत्येक यंत्राचा आकडा भिंतीवर लिहून ठेवायचा, आणि थंडीच्या दिवसांत पहिल्या खेळाला अर्धा आकडा कमी धरायचा, कारण तेल घट्ट झालेलं असतं.

वरच्या रिळाजवळ एक छोटी घंटा असते. तिचा दांडा फिल्मच्या थरावर टेकलेला असतो. फिल्म संपत आली की दांडा घसरतो आणि घंटा वाजते. घंटा वाजली की दुसऱ्या यंत्राचा आर्क पेटवायचा आणि ज्योत स्थिर होऊ द्यायची. मग खिडकीशी उभं राहायचं, एक हात मोटरच्या बटणावर, पाय झडपेच्या पेडलवर. डोळे कोपऱ्यात. पापणी मिटायची नाही हे सांगावं लागत नाही. पहिला ठिपका, मोटर. नवं यंत्र गुणगुणत वेग धरतं. दुसरा ठिपका, पेडल. एका यंत्राची झडप पडते, दुसऱ्याची उघडते, आवाज त्याच क्षणी इकडून तिकडे जातो. पडद्यावरचं पात्र त्याच प्रसंगात पुढे बोलत राहतं.

जुन्या प्रिंटवर ठिपके कापून गेलेले असतात. आधीच्या कुणी शेवटचे फूट तोडलेले असतात. मग बाकावर असतानाच रिळाची शेवटची वीस सेकंदं पाहून एखादी खूण ठरवायची: अमुक माणूस पाठ वळवतो, गाडी वळणावर जाते. मेणाच्या पेन्सिलीने स्वतःच्या फुल्या आखायची पद्धत मला मुळीच मान्य नाही. प्रिंट पुढच्याकडेही जायची असते.

बदलानंतरचं अर्धं मिनिट कसोटीचं. फोकस तपासायचा: केबिनमधून नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, म्हणून लहान दुर्बीण लागते, आणि पाहायचं चेहऱ्याकडे नव्हे, फिल्मच्या दाण्याकडे. दाणा तीक्ष्ण दिसला की चित्र तीक्ष्ण आहे. गेटमध्ये फिल्म तापून किंचित फुगते, त्यामुळे एक-दोन मिनिटांनी पुन्हा एकदा पाहावं लागतं. रुंद चित्राच्या प्रिंटवर प्रतिमा आडवी निम्म्याने आवळलेली असते आणि खास लेन्स तिला दुप्पट पसरवते. लेन्स बदलली आणि गेटची चौकट बदलायची राहिली, ही चूक घाईत सगळ्यांकडून होते. मग संपलेलं रीळ उतरवायचं, बाकावर गुंडाळायचं, डब्यात घालायचं, पुढचं काढायचं, गेट झाडायचं, ओवायचं. यात बारा मिनिटं जातात. उरलेली सहा-सात मिनिटं तेवढी चित्रपट पाहायला मिळतात.

यंत्र चालता चालता थांबलं आणि झडप उघडी राहिली तर अ‍ॅसिटेटच्या फ्रेमवर मधोमध तपकिरी फोड येऊन तो पसरत जातो. १९५० च्या आसपासपर्यंत चाललेली नायट्रेटची फिल्म अशा वेळी पेट घेत असे, आणि जळताना तिला लागणारा ऑक्सिजन तीच पुरवते, त्यामुळे ती पाण्याखालीसुद्धा जळत राहते. केबिनच्या खिडक्यांना लोखंडी पडदे, रिळांभोवती बंद पेट्या आणि एका वेळी एकच डबा उघडायचा नियम, हे सगळं तिच्यामुळे आलं. सुरक्षित फिल्म आल्यावरही ती सवय मोडू नये. जुन्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलंय. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवायचा, कारण ती वाफ शेजारच्या प्रिंटलाही लागते.

पुढे आडव्या मोठ्या तबकड्या आल्या. सगळी रिळं जोडून अख्खा चित्रपट एकाच तबकडीवर. चेंजओव्हर गेला आणि एक ऑपरेटर अनेक पडदे सांभाळू लागला. काम सोपं झालं हे खरं, पण खेळ सुरू करून निघून जाणं उरलं, आणि फिल्म मध्येच गुंतली तर पाहायला कुणी नाही. शिवाय तबकडीवर लावताना प्रत्येक रिळाची टोकं कापावी लागतात. म्हणून चित्रपट-संग्रहालयं आजही जुन्या प्रिंट देताना दोन प्रोजेक्टर आहेत का ते आधी विचारतात. डिजिटलमध्ये चित्रपट हार्ड डिस्कवर येतो, शंभराव्या खेळालाही ओरखडा नसतो. प्रेक्षकासाठी ते चांगलंच आहे. हातांना मात्र काही करायचं उरत नाही.

शेवटच्या रिळाला बदल नसतो. नावं वर सरकत असतात, शटरच्या शेपट्या नाहीत ना हे एकदा पाहून घ्यायचं. शेवटची काळी फिल्म गेटमध्ये आली की झडप आधी, मग आवाज, मग दिवा, मोटर सगळ्यात शेवटी, फिल्मचं टोक खालच्या रिळावर फडफडेपर्यंत. पंखा चालूच ठेवायचा. गेट झाडायचं, क्रॉसच्या तेलाची पातळी पाहायची. रिळं गुंडाळून, डब्यांवरचे आकडे जुळवून, सुरुवात बाहेरच्या बाजूला आहे ना याची खात्री करायची. पुढच्या खेळाचं पहिलं रीळ वर लावून ठेवायचं, ७ गेटमध्ये, आणि हाताचं चाक दोन फ्रेम पुढे.